नामिबिया : वाळू, प्रकाश आणि एकटा छायाचित्रकार

वाळवंट म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जैसलमेरजवळच्या समचे उंट, रंगीत पागोटी आणि मावळत्या सूर्यापुढे उभ्या असलेल्या काळ्या आकृती येतात. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील नामिबिया हा देश मात्र या चित्रात बसत नाही. येथे वाळवंट थेट अटलांटिक महासागराला भिडते. वाळूच्या टेकड्या केशरी आहेत, किनाऱ्यावर थंडगार धुके आहे आणि कित्येक तास गाडी चालवूनही माणूस दिसू नये इतकी विरळ वस्ती आहे. महाराष्ट्राच्या अडीच पटींहून मोठ्या असलेल्या या देशाची लोकसंख्या २०२३च्या जनगणनेनुसार ३० लाखांच्या आसपास आहे; म्हणजे २०११च्या जनगणनेतील पुणे शहराहूनही थोडी कमीच. जगभरातील छायाचित्रकारांचा ओढा गेल्या दोन-तीन दशकांत या देशाकडे वाढला आहे. त्यातील बरेच जण एकटेच येतात, भाड्याची गाडी घेतात आणि दोन-तीन आठवडे वाळूत हिंडतात. भारतीय प्रवाशाला येथील एक गोष्ट सोयीची पडते : वाहने डाव्या बाजूने चालतात.

या देशाची जी छायाचित्रे सर्वाधिक पाहिली गेली, त्यांत डेडव्हलेचा क्रमांक वरचा आहे. सोसुसव्हले परिसरातील ही पांढरट चिकणमातीची जमीन. त्साउचाब नावाची नदी एके काळी पुराच्या वेळी येथवर पोहोचत असे. त्या पाण्यावर बाभळीच्या कुळातील काटेरी वृक्ष वाढले. पुढे हवामान कोरडे होत गेले, वाळूच्या टेकड्यांनी नदीची वाट अडवली आणि झाडे उभ्या उभ्या मेली. त्याला सहा-सातशे वर्षे झाली असावीत असे मानले जाते. हवा इतकी कोरडी की लाकूड कुजलेच नाही. उन्हाने ते काळे पडले आणि आहे तसे उभे राहिले. पांढरी जमीन, काळी खोडे, मागे केशरी टेकडी आणि वर निळे आकाश. रंगांची इतकी सोपी मांडणी निसर्गात सहसा आढळत नाही.

फ्रान्स लांटिंग या डच छायाचित्रकाराने येथे काढलेले एक चित्र २०११ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते छायाचित्र नसून रंगवलेले चित्र असावे असा अनेकांचा समज झाला. त्यात आकाश नाहीच. मागचा केशरी पडदा म्हणजे सकाळच्या पहिल्या उन्हात उजळलेली टेकडी आणि त्यावरचे पांढरे ठिपके म्हणजे गवताचे झुबके. खालची जमीन तेव्हा सावलीत होती. सावलीत थेट ऊन नसते, पण वरच्या आकाशाचा निळा प्रकाश असतो. म्हणून पांढरी माती निळसर दिसली. त्या निळाईवर काळी झाडे उमटली. या चित्रात करामत कोणतीच नाही. ऊन टेकडीवर उतरले आहे पण खोलगटातल्या मातीवर अजून पोहोचलेले नाही, अशी जी थोडी मिनिटे असतात, त्या वेळी तेथे हजर असणे एवढेच त्यामागचे रहस्य आहे.

आणि नेमके हजर असणेच अवघड आहे. या भागात शिरण्याचा रस्ता सेसरीम येथील फाटकातून जातो. बाहेरचे फाटक सूर्योदयाला उघडते. तेथून पुढे सुमारे ६० किलोमीटर डांबरी रस्ता आहे. त्यावर वेगाची मर्यादा आहे. शेवटचे पाच किलोमीटर भुसभुशीत वाळू असून ते चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीनेच पार होतात. साध्या गाडीवाल्याला तेथपासून ने-आण करणारे वाहन गाठावे लागते. त्यानंतर सुमारे एक किलोमीटर वाळूतून चालणे. हा हिशेब मांडला की सूर्योदयाला बाहेरच्या फाटकातून निघालेला माणूस डेडव्हलेत पोहोचतो तेव्हा सूर्य चांगलाच वर आलेला असतो, हे उघड होते. मात्र फाटकाच्या आत असलेल्या तळावर किंवा निवासात जो उतरला असेल, त्याच्यासाठी आतले फाटक सूर्योदयाच्या तासभर आधी उघडते. लांटिंग यांच्यासारखे चित्र मिळण्याची शक्यता या एका तासावर अवलंबून आहे. हौशी छायाचित्रकार लेन्सवर लाखभर रुपये खर्च करतात आणि मुक्काम मात्र स्वस्त मिळतो म्हणून फाटकाबाहेर ४० किलोमीटरवर घेतात. नामिबियात हा व्यवहार उलटा करणे शहाणपणाचे ठरते. आतले मुक्काम महिनोन् महिने आधी भरून जातात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

टेकड्यांचा रंग हा लोहाचा आहे. ऑरेंज नदीने आफ्रिकेच्या अंतर्भागातून वाहून आणलेली वाळू समुद्रात जाते, किनाऱ्यालगतचा प्रवाह ती उत्तरेकडे नेतो, लाटा ती काठावर टाकतात आणि वारा ती आत उडवतो. वाळूच्या कणांतील लोह हळूहळू गंजते, तसतसा तांबूसपणा वाढतो. म्हणून समुद्राजवळच्या टेकड्या फिकट आणि आतल्या, जुन्या टेकड्या लालसर. सोसुसव्हलेच्या आसपास वारे एकाच दिशेने वाहत नाहीत. त्यामुळे टेकडीला अनेक बाजूंनी धारा फुटतात आणि वरून पाहिले तर ती चांदणीसारखी दिसते. या धारांवरच छायाचित्रकाराचा सारा डोळा असतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना धारेच्या एका अंगाला लाल ऊन आणि दुसऱ्या अंगाला गडद सावली पडते, आणि मधली रेषा नागमोडी धावते. सूर्य वर चढला की दोन्ही अंगे सारखीच उजळतात आणि टेकडीची टेकडी सपाट होऊन जाते. नामिब सागरी वाळवंटाचा हा भाग २०१३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

येथे कॅमेऱ्याच्या काही खोडी ठाऊक असलेल्या बऱ्या. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक जगाला मध्यम करड्या रंगाचे समजतो. उन्हातली वाळू किंवा डेडव्हलेची पांढरी माती समोर आली की प्रकाश फार झाला असे त्याला वाटते आणि तो चित्र काळपट करून ठेवतो. त्यामुळे मापकाने सांगितल्यापेक्षा अर्धा ते एक स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो. पहाटेच्या केशरी टेकडीच्या बाबतीत नेमकी उलटी अडचण येते. एकूण चित्र ठीक दिसते, पण लाल रंगाची नोंद मर्यादेबाहेर जाते आणि वाळूचा पोत नाहीसा होऊन नुसता केशरी डाग उरतो. म्हणून एकत्रित हिस्टोग्रामवर न विसंबता लाल रंगाचा आलेख वेगळा पाहावा. रंगसमतोल ‘ऑटो’वर ठेवला तर कॅमेरा पहाटेचा तांबूसपणा दोष समजून पुसून टाकतो, तो दिवसाच्या प्रकाशावर पक्का ठेवलेला चांगला.

वाळूची बारीक पूड हा दुसरा शत्रू. वारा सुटलेला असताना उघड्यावर लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर धूळ बसवून घेणे. ज्याच्याजवळ दोन कॅमेरे आहेत त्याने एकावर रुंद कोनाची आणि दुसऱ्यावर दूरची लेन्स लावून ठेवावी. ज्याच्याजवळ एकच आहे त्याने गाडीच्या काचा बंद करून, आत बसून लेन्स बदलावी. ट्रायपॉडच्या नळ्यांत शिरलेली वाळू रात्री पुसून काढली नाही तर तिसऱ्या दिवशी त्याचे पाय हलेनासे होतात.

टेकड्यांच्या चित्रांत प्रमाणाचा प्रश्नही येतो. ‘बिग डॅडी’ या नावाने ओळखली जाणारी टेकडी सुमारे ३२५ मीटर उंच आहे. पण चित्रात झाड, घर, माणूस काहीच नसेल तर ती तीन मीटरची आहे की तीनशेची हे पाहणाऱ्याला समजत नाही. एखादा ओरिक्स जातीचा लांब शिंगांचा हरणवर्गीय प्राणी पायथ्याशी उभा राहिला तर भाग्यच. एरवी माणसाची आकृती हवी आणि एकट्या प्रवाशाजवळ नेमका तोच एक माणूस नसतो. मग कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, ठरावीक अंतराने आपोआप चित्रे टिपण्याची सोय लावून, स्वतःच धारेवर चालत जावे लागते. अशा प्रवाशांच्या संग्रहात एकच पाठमोरी व्यक्ती, एकच लाल शर्ट घालून, सगळ्या टेकड्या चढताना आढळते ती यामुळे.

एकटेपणाचा खरा भार मात्र रस्त्यावर जाणवतो. मोजके महामार्ग सोडले तर बहुतेक रस्ते खडीचे आहेत. ते दिसायला सरळ आणि मोकळे, त्यामुळे वेग नकळत वाढतो. खडीवर जोरात ब्रेक दाबला किंवा सुकाणू झटक्याने फिरवले की गाडी घसरते आणि उलटते. पर्यटकांचे अपघात बहुधा असेच घडतात. टायरमधील हवा थोडी कमी करणे, वेग आवरता ठेवणे, दोन जादा चाके बाळगणे आणि दिसेल त्या पंपावर टाकी भरून घेणे ही येथील सर्वसाधारण रीत आहे. मोठ्या पट्ट्यांत मोबाइलला संपर्क मिळत नाही. चाक बदलायला दुसरे हात नाहीत आणि मागून गाडी येईलच असा भरवसा नाही, तेव्हा गाडीत पिण्याचे पाणी भरपूर असावे आणि आजचा मार्ग कोणता हे सकाळी निघताना मुक्कामाच्या ठिकाणी कोणाला तरी सांगून ठेवावे. गाडी बिघडली तर गाडी सोडून चालत निघू नये, हेही तेथे आवर्जून सांगितले जाते.

येथे छायाचित्रणाची आणि सुरक्षिततेची गाठ पडते. सर्वांत देखणा प्रकाश सूर्यास्ताच्या आगेमागे असतो आणि त्याच वेळी रस्त्यावर असणे सर्वांत धोक्याचे. अंधार पडला की कुडू आणि ओरिक्स रस्त्यावर येतात, आणि गाडीच्या उजेडात ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. गाडी भाड्याने देणाऱ्या अनेक कंपन्या रात्री वाहन चालवण्यास करारानेच मनाई करतात. तेव्हा शेवटचे चित्र काढून ८० किलोमीटरवरचा मुक्काम गाठू, हा बेत कागदावरच राहू द्यावा. दोघे असतील तर एकाने घड्याळ पाहायचे आणि दुसऱ्याने कॅमेरा. एकट्याला दोन्ही पाहायचे असते, आणि चांगल्या प्रकाशात घड्याळ पाहण्याचे भान फार थोड्यांना राहते. यावर उपाय एकच : जेथे सूर्यास्त टिपायचा तेथून पायी परतता येईल असा मुक्काम.

उत्तरेकडील एतोशा राष्ट्रीय उद्यानात हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटतो. सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचे मिठागर आणि त्याच्या कडेने पाणवठे अशी या उद्यानाची रचना. ओकाउकुएयो येथील तळाला लागूनच एक पाणवठा आहे, त्यावर रात्री दिवे असतात. कुंपणाच्या अलीकडे बाकावर बसून गेंडा, हत्ती, जिराफ पाण्यावर येताना पाहता येतात. गाडी चालवण्याचा प्रश्नच नाही. दिवसा मात्र गाडीतून उतरण्यास बंदी आहे आणि चालक व छायाचित्रकार एकच असल्याने योग्य बाजूला वळवून गाडी उभी करणे हीच अर्धी कला होऊन बसते. इंजिन बंद करून, खिडकीच्या कडेवर धान्य भरलेली छोटी पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवली तर ट्रायपॉडची उणीव भासत नाही. चित्ते हीदेखील या देशाची ओळख आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडलेले पहिले आठ चित्ते नामिबियातूनच आले होते.

रात्रीच्या आकाशासाठीही हा देश प्रसिद्ध आहे. सोसुसव्हलेच्या दक्षिणेकडील नामिबरँड या खासगी अभयारण्याला २०१२ मध्ये ‘अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र’ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. आफ्रिकेतील ते पहिलेच. आकाशगंगेचे केंद्र मुंबईहून पाहताना दक्षिण क्षितिजापासून फार तर ४२ अंशांपर्यंत वर येते. येथे मे ते ऑगस्टच्या रात्री ते जवळजवळ डोक्यावर असते, आणि वीस-तीस किलोमीटरवरही दिवा नसतो. ताऱ्यांचे ठिपके ठिपकेच राहावेत, रेघा होऊ नयेत, यासाठी ५०० या संख्येला लेन्सच्या मिलिमीटरने भागून येतील तितके सेकंद शटर उघडे ठेवावे असा जुना ठोकताळा आहे. आजच्या अधिक बारकावे टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना त्याच्या निम्म्याने घेतलेले बरे; म्हणजे २० मिलिमीटरला बारा-तेरा सेकंद. डेडव्हलेच्या झाडांवर आकाशगंगा टिपण्याचा मोह अनेकांना होतो, पण रात्री फाटके बंद असतात आणि साध्या प्रवाशाला तेथे थांबता येत नाही. दक्षिणेला केएटमन्सहूपजवळ कोरफडीच्या कुळातील ‘क्विव्हर’ वृक्षांचे रान आहे. सान लोक याच्या फांद्या पोखरून बाणांचे भाते बनवत, म्हणून हे नाव. तेथे जवळच राहता येते आणि रात्रभर कॅमेरा लावता येतो.

दक्षिणेकडील ल्युडेरिट्झ या बंदराजवळचे कोलमान्सकोप हे ओसाड गाव छायाचित्रकारांचे दुसरे तीर्थ. १९०८ मध्ये झकारियास लेवाला नावाच्या कामगाराला रुळांवरची वाळू उपसताना चकाकता खडा सापडला. त्याने तो आपला वरिष्ठ ऑगस्ट स्टाउख याला दाखवला आणि हिऱ्यांची धाव सुरू झाली. वाळवंटात जर्मन धाटणीची घरे, रुग्णालय, नाट्यगृह उभे राहिले. पुढे दक्षिणेकडे अधिक श्रीमंत साठे सापडले आणि १९५६ पर्यंत गाव रिकामे झाले. आता खोल्यांत कमरेपर्यंत वाळू आहे. निळ्या-हिरव्या भिंती, अर्धे गाडलेले दरवाजे आणि खिडकीतून वाळूवर पडणारी उन्हाची पट्टी. पूर्वेकडच्या खोल्या सकाळी आणि पश्चिमेकडच्या दुपारनंतर पाहाव्यात. आदल्या दिवसाच्या पाऊलखुणा वारा रात्रीतून बऱ्याच बुजवतो, म्हणून पहाटे आत सोडणारा छायाचित्रकारांचा वेगळा परवाना घेणे परवडते.

पण ल्युडेरिट्झमध्ये केवळ रंगीत भिंती टिपून परतणे म्हणजे अर्धेच गाव पाहणे होय. १८८४ पासून हा प्रदेश जर्मन वसाहत होता. १९०४ मध्ये हेरेरो आणि नंतर नामा लोकांनी उठाव केला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सेनापती लोथर फॉन ट्रोथा याने हेरेरोंच्या निर्दालनाचा हुकूम काढला. हजारो लोक वाळवंटात तहानेने मेले. उरलेल्यांना छावण्यांत कोंडण्यात आले. त्यांतील सर्वांत भीषण छावणी ल्युडेरिट्झच्या शार्क आयलंडवर होती. ज्या लोहमार्गावर लेवालाला हिरा सापडला, त्या मार्गाच्या कामावर याच काळात कैद्यांना राबवले गेले. या साऱ्याची छायाचित्रे निघाली. बेड्या घातलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या माणसांची. ती पोस्टकार्डांवर छापून जर्मनीला पाठवली जात. मृतांच्या कवट्याही ‘संशोधना’साठी पाठवल्या गेल्या, त्या परत येण्यास २०११ मध्ये सुरुवात झाली. हा नरसंहार होता हे जर्मनीने अधिकृतपणे मान्य केले ते मे २०२१ मध्ये. नामिबियाच्या इतिहासात कॅमेऱ्याचा वाटा काय होता, याचा शोध घेणारा ‘द कलोनायझिंग कॅमेरा’ हा ग्रंथ १९९८ मध्ये निघाला आहे. शार्क आयलंडवर आज पर्यटकांचा तंबूतळ आहे. तेथे तंबू ठोकायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण जागा कोणती आहे हे ठाऊक असून ठरवावे.

वायव्येकडील कुनेने प्रदेशात हिंबा लोकांची चित्रे काढताना हा इतिहास मनात असलेला बरा. लोणी आणि गेरू यांचा लेप अंगाला लावणाऱ्या हिंबा स्त्रिया पर्यटन-पुस्तिकांच्या मुखपृष्ठांवर हमखास असतात. त्यांच्या वाडीत एकट्याने, वाटाड्याविना शिरणे उचित नाही. त्याच समाजातील दुभाष्या सोबत असावा, आधी वाडीप्रमुखाची भेट घ्यावी, मक्याचे पीठ, साखर, तेल असे काही सोबत न्यावे आणि चित्रांविषयी बोलणे सुरुवातीलाच व्हावे. मुख्य झोपडी आणि पवित्र अग्नी यांच्या मधून चालत जाऊ नये. तो पूर्वजांचा मार्ग मानला जातो. एखादीने चित्र काढू दिले, याचा अर्थ ते महाजालावर जगभर फिरवायला परवानगी दिली असा होत नाही; तेही विचारावे लागते. बहुसंख्य छायाचित्रकार हा दुसरा प्रश्न विचारतच नाहीत.

आणखी एक लबाडी सर्रास चालते. हिंबा स्त्रियांच्या हाती मोबाइल असतो, मुलांच्या अंगात फुटबॉल संघाचे सदरे असतात, ओपुवोच्या दुकानात त्या ट्रॉली ढकलताना दिसतात. छायाचित्रकार हे सारे चौकटीबाहेर ठेवतो, मोबाइल बाजूला ठेवायला सांगतो आणि मग ‘काळ थांबलेली जमात’ असे शीर्षक देतो. काळ थांबलेला नसतो. तो चौकटीबाहेर काढलेला असतो. हेरेरो स्त्रियांचा पोशाख या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पायघोळ झगे त्यांनी एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या बायकांकडून घेतले आणि डोक्याला गाईच्या शिंगांसारखे दोन्ही बाजूंना टोके असलेले वस्त्र बांधून तो पोशाख पूर्णपणे आपला केला. ज्यांनी लादले त्यांच्याकडे तो राहिला नाही. यांच्या समारंभांत तो आजही मानाने मिरवला जातो.

किनाऱ्याकडे वळले की केशरी रंग संपतो. बेंग्वेला या थंड प्रवाहामुळे समुद्रावर धुके जमते आणि वाळवंटात कित्येक किलोमीटर आत शिरते. काही कीटक पहाटे टेकडीच्या धारेवर डोके खाली करून उभे राहतात आणि पाठीवर साचून तोंडापर्यंत ओघळणारे धुक्याचे पाणी पितात. याच धुक्यात जहाजे फुटली, म्हणून या किनाऱ्याला सांगाड्यांचा किनारा म्हणतात. १९०९ मध्ये अडकलेले ‘एडुआर्ड बोह्‌लेन’ हे जहाज आता पाण्यापासून शेकडो मीटर आत वाळूत उभे आहे. तेथे विमानातून किंवा परवानाधारक वाटाड्यासोबतच जाता येते. २००८ मध्ये हेंटिस बेजवळ लागलेले ‘झैला’ मात्र रस्त्यावरून सहज दिसते आणि करड्या, सावली नसलेल्या प्रकाशात त्याची चित्रे उत्तम येतात. स्वाकोपमुंडच्या आसपासच्या खडीच्या मैदानांवर दगडफुलांची पसरण आहे. टेकडीवरची पाऊलखूण वारा एका रात्रीत पुसतो. या मैदानांवर उमटलेला चाकाचा माग मात्र अनेक दशके तसाच राहतो. जरा जवळून चित्र घ्यावे म्हणून कोणे एके काळी रस्ता सोडून गेलेल्यांच्या गाड्यांचे माग आजही तेथे दिसतात. विमानातून काढलेल्या चित्रांत तर ते फारच स्पष्ट येतात.